तोच विषाणू, तेच घर. एकाला सर्दी, दुसऱ्याला व्हेंटिलेटर : वारशाचा वाटा किती?

निळीशाई

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये नेदरलँड्समध्ये कोविडचे चार तरुण अतिदक्षता विभागात दाखल झाले. दोन कुटुंबं, प्रत्येक कुटुंबातले दोन सख्खे भाऊ. वयं २१ ते ३२ च्या दरम्यान, आधीचा कुठलाही मोठा आजार नाही. चौघांनाही व्हेंटिलेटर लागला, त्यातला एक गेला. एकाच घरातले दोन धडधाकट भाऊ एवढे गंभीर व्हावेत हे डॉक्टरांना खटकलं आणि त्यांनी चौघांची जनुकं वाचून काढली. दोन्ही घरांत बिघाड वेगवेगळा निघाला, पण जनुक तेच होतं : एक्स गुणसूत्रावरचं, विषाणू ओळखणारा संवेदक बनवणारं टीएलआर७. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे ती प्रत निकामी असली की दुसरी नाही. आई मात्र दोन प्रतींमुळे स्वतः ठणठणीत राहून बिघडलेली प्रत मुलाला देऊ शकते.

धागा काढायचं कारण असं की प्रतिकारशक्तीबद्दल आपण नेहमी "याची चांगली, त्याची कमी" असं बोलतो, जणू ती रक्तदाबासारखी आकड्यात सांगता येते. गेल्या काही वर्षांतलं संशोधन वाचताना मला तरी उलट चित्र दिसलं. वारशाने येणारा फरक बहुतेकदा फार अरुंद असतो. विशिष्ट विषाणू, कधी कधी विशिष्ट अवयव, आणि बहुतेक वेळा संसर्गाचे पहिले काही तास ते दोन दिवस.

त्या पहिल्या तासांत काय होतं ते थोडक्यात. अँटीबॉडी आणि टी पेशी कामाला लागायला आठवडाभर तरी जातो. तोवर किल्ला लढवते ती इंटरफेरॉन नावाची प्रथिनं. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना ती सापडली. विषाणू पेशीत शिरला की त्याचा आरएनए पेशीतल्या संवेदकांना लागतो (टीएलआर३, टीएलआर७, एमडीए५ ही त्यांतली काही नावं). ते पुढे आयआरएफ७ सारख्या प्रथिनांना जागं करतात, आणि पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते. शेजारच्या पेशी ते आपल्या पृष्ठभागावरच्या ग्राहकांनी (रिसेप्टर) पकडतात आणि शेकडो जनुकं चालू करून विषाणूला आत वाढायला अवघड करून ठेवतात. स्वतः संसर्ग न झालेल्या पेशीही आधीच सावध होतात, ही यातली खरी गंमत. या ओळीतला कुठलाही एक दुवा जन्मतःच तुटका असू शकतो.

सगळ्यात ठळक उदाहरण मला वाटतं ते हर्पिसमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचं. ओठांच्या कडेला फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स-१ जगातल्या बहुसंख्य प्रौढांच्या अंगात आहे. मेंदूपर्यंत तो पोचतो वर्षाला दहा लाखांत दोन-चार जणांच्या. का त्यांच्याच? पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या ज्याँ-लोराँ कासानोव्हा यांच्या गटाने २००६ मध्ये यूएनसी-९३बी (टीएलआर३ ला कामासाठी लागणारं प्रथिन) आणि २००७ मध्ये खुद्द टीएलआर३ मधले बिघाड अशा मुलांमध्ये दाखवले. ही मुलं एरवी सर्दी-खोकला-गोवर सगळं इतर मुलांसारखंच सोसतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींकडे विषाणू ओळखायचे इतर मार्ग असतात, त्यामुळे टीएलआर३ नसलं तरी त्यांचं अडत नाही. मेंदूतल्या चेतापेशींचं मात्र त्यावाचून चालत नाही. पुढे रुग्णांच्याच त्वचेच्या पेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी तयार करून त्यांना हर्पिसचा संसर्ग करून पाहिला, तेव्हा विषाणू त्यांच्यात मोकाट वाढला.

जाणकारांनी भर घालावी. कोणाच्या घरी असा प्रकार पाहिला असेल तर तेही लिहा.

कोरडाठाक

वाचतोय. वाचनखूण साठवली.

भोचक

लेख चांगला, पण हे जरा "सगळं जनुकांत आहे" वळणाने चाललंय असं वाटतं. वय, मधुमेह, लठ्ठपणा, विषाणूचा डोस, वेळेवर ऑक्सिजन मिळाला की नाही, याचं काय? एका घरातल्या लोकांना एकच हवा, एकच पाणी आणि एकच वाईट सवयी मिळतात. दोन भाऊ आजारी पडले म्हणजे लगेच वारसा कसा?

चक्रधर

भोचक, याच शंकेसाठी दत्तक मुलांचे अभ्यास करतात. १९८८ मध्ये डेन्मार्कमधला एक प्रसिद्ध झाला. १९२० च्या दशकात जन्मलेली, परक्या घरात वाढलेली हजाराच्या आसपास मुलं. जन्मदाते आई किंवा वडील पन्नाशीच्या आत संसर्गाने गेले असतील, तर मुलाचाही संसर्गाने लवकर मृत्यू होण्याची शक्यता जवळजवळ सहापट निघाली. दत्तक घेणारे आईवडील संसर्गाने गेले असतील तर? काहीच फरक नाही. कर्करोगात मात्र बरोबर उलटं दिसलं, तिथे दत्तक पालकांचा संबंध मोठा होता. म्हणजे एकच हवा-पाणी हा तुमचा मुद्दा कर्करोगाला जास्त लागू पडला आणि संसर्गाला कमी. अंदाज याच्या उलट बांधला असता बहुतेकांनी.

अर्थात मृत्यूंचे आकडे लहान होते, त्यामुळे "सहापट" शब्दशः घेऊ नका. दिशा घ्या.

निळीशाई

भोचक, "सगळं जनुकांत" असं म्हणायचं नव्हतंच. कोविडमध्ये वयाइतका मोठा घटक दुसरा नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जिवावर बेतलेल्या ६५९ रुग्णांची इंटरफेरॉनच्या वाटेवरची तेरा जनुकं तपासली. बिघाड सापडला २३ जणांत, म्हणजे साडेतीन टक्के. उरलेल्या साडेशहाण्णव टक्क्यांचं कारण त्या तेरा जनुकांत नव्हतं.

अर्धविराम

मी बालरोगतज्ज्ञ, म्हणून लहान मुलांकडचं एक उदाहरण देतो. अडीच वर्षांची फ्रेंच मुलगी, साध्या हंगामी साथीतल्या एच१एन१ फ्लूने फुप्फुसं निकामी होऊन अतिदक्षता विभागात. त्याआधी काहीही विशेष नाही. तपासणीत आयआरएफ७ च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या सापडल्या, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आईवडील दोघंही निरोगी, कारण प्रत्येकाकडे एक प्रत चांगली होती. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं.

मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या मुलीला नंतर दरवर्षी फ्लूची लस दिली गेली आणि तिला तसा गंभीर फ्लू पुन्हा झाला नाही. तिची पहिली फळी कच्ची होती, दुसरी नव्हती. लसीने अँटीबॉडी आधीच तयार ठेवल्या की पहिल्या फळीवर भार येत नाही. "आमच्या घराण्यातच प्रतिकारशक्ती कमी, लस झेपणार नाही" असं ऐकतो तेव्हा मी हीच केस सांगतो.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे. इंटरफेरॉनचा ग्राहकच नसलेली (आयएफएनएआर१ किंवा आयएफएनएआर२) किंवा त्या ग्राहकाचा निरोप पेशीत आत नेणारं एसटीएटी२ नसलेली मुलं गोवर-गालगुंड-रुबेलाच्या जिवंत लसीनेच गंभीर आजारी पडल्याची नोंद आहे. फार विरळा प्रकार, पण भावंडाला जिवंत लसीनंतर असं काही झालेलं असेल तर पुढच्या मुलाच्या लसीआधी डॉक्टरांना सांगाच.

मैना

डॉक, माझा प्रश्न साधा आहे. मुलगा चार वर्षांचा. शाळा सुरू झाल्यापासून महिन्याला एक सर्दी ठरलेली. घरातली मोठी माणसं म्हणतात याची प्रतिकारशक्तीच कमी, बापावर गेलाय. नवराही लहानपणी सतत आजारी असायचा म्हणे. हा धागा वाचून धास्तीच घेतली. टेस्ट करून घ्यावी का?

अर्धविराम

मैनाताई, धास्ती नको. शाळा-पाळणाघरात जाणाऱ्या लहान मुलाला वर्षातून सहा-आठ सर्द्या होणं हे पाठ्यपुस्तकात लिहिलेलं आहे, सुरुवातीच्या वर्षात त्याहून जास्तही होतात. मध्ये पूर्ण बरा होतो, खातो-पितो, खेळतो, वजन-उंची वाढते आहे, मग झालं. त्याची यंत्रणा काम करते आहे म्हणूनच तो दर वेळी बरा होतोय.

आम्हाला शंका येते ती वेगळ्या गोष्टींनी. वर्षात दोनदा न्यूमोनिया. वजन न वाढणं. वारंवार शिरेतून प्रतिजैविकं लागणं. एखादा किरकोळ समजला जाणारा विषाणू अचानक भलत्या थराला जाणं. भावंडाचा किंवा मामाचा लहानपणी संसर्गाने मृत्यू. आईवडील एकमेकांच्या रक्तनात्यातले असणं. सर्द्यांचा आकडा या यादीत नाही हे लक्षात घ्या. या धाग्यातले बहुतेक बिघाड तर असे आहेत की मूल वर्षानुवर्षं मुळीच आजारी पडत नाही आणि मग एकदाच, एकाच विषाणूने आडवं होतं.

मैना

मनापासून आभार. हा प्रतिसाद फॅमिली ग्रुपवर ढकलतेय.

धूमकेतू

निअँडरथलचं कोणीच काढलं नाही अजून? मी वाट बघत होतो. आमच्या सासऱ्यांबद्दलचा संशय विज्ञानाने सिद्ध केलाय.

चक्रधर

धूमकेतू :)) काढतोच.

तिसऱ्या गुणसूत्रावर एक सलग तुकडा आहे, तो ज्याच्याकडे असेल त्याला कोविड गंभीर होण्याचा धोका साधारण दीडपटीहून थोडा जास्त. २०२० मध्येच झेबर्ग आणि स्वांटे पेबो (२०२२ चं नोबेल मिळालेले) यांनी दाखवलं की हा तुकडा निअँडरथल माणसांकडून आलाय. क्रोएशियातल्या विंडिया गुहेत सापडलेल्या, सुमारे पन्नास हजार वर्षं जुन्या हाडातल्या डीएनएशी तो जुळतो. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे त्याची निदान एक प्रत आहे, युरोपात सुमारे १६ टक्के लोकांकडे, पूर्व आशियात जवळजवळ नाहीच. बांगलादेशात ६३ टक्के.

भोचक

आणि लगेच निष्कर्ष, दक्षिण आशियाई लोक कोविडला जन्मतःच कच्चे. ब्रिटनमध्ये बांगलादेशी वंशाच्या लोकांचे मृत्यू जास्त झाले तेव्हा हेच ऐकवलं गेलं. ते कुठल्या नोकऱ्या करत होते, किती दाटीच्या घरात राहत होते, हे विचारायला नको का?

चक्रधर

विचारायलाच हवं. दीडपट धोका एका माणसासाठी फार मोठा नाही. वयाचा साठी ते ऐंशी हा फरक त्याच्या कितीतरी पुढे जातो. शिवाय निअँडरथलांकडून बाराव्या गुणसूत्रावर आलेला ओएएस जनुकांचा दुसरा एक तुकडा आहे, तो उलट धोका वीस-बावीस टक्क्यांनी कमी करतो. सासऱ्यांचा हिशेब शेवटी कुठे जमतो ते धूमकेतूने बघावं.

आणि तोच तिसऱ्या गुणसूत्रावरचा "वाईट" तुकडा एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता सुमारे २७ टक्क्यांनी कमी करतो असं झेबर्ग यांनीच २०२२ मध्ये मांडलं. त्याच्या शेजारीच सीसीआर५ हे जनुक बसलेलं आहे.

निळीशाई

सीसीआर५ चा विषय निघालाच आहे तर तेही लिहिते, कारण "चांगलं जनुक" या कल्पनेची सगळ्यात जास्त पंचाईत तिथेच होते. पेशीत शिरताना एचआयव्हीचे बहुतेक प्रकार सीसीआर५ हा ग्राहक वापरतात. काहींच्या या जनुकातली ३२ अक्षरं गाळलेली असतात. दोन्ही प्रती तशा असतील तर ग्राहक पेशीवर येतच नाही आणि एचआयव्हीला दारच मिळत नाही. हे १९९६ मध्ये कळलं. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत असे साधारण एक टक्का. टिमथी ब्राऊन यांना २००७ मध्ये बर्लिनमध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी मूलपेशी दिल्या तेव्हा मुद्दाम असा दाता शोधला आणि ते एचआयव्हीतून बरे झालेले पहिले रुग्ण ठरले.

मग हा बदल सगळ्यांना असता तर बरं, असं वाटेल. पण वेस्ट नाईल विषाणू झाला तर हेच लोक जास्त आजारी पडतात. तिथे पांढऱ्या पेशींना मेंदूपर्यंत पोचायला सीसीआर५ लागतं. २०१८ मध्ये चीनमध्ये जाणूनबुजून गर्भाच्या याच जनुकाला कात्री लावणाऱ्या 'हे ज्यानकुई' नावाच्या शास्त्रज्ञाला तुरुंगवास झाला, तो माझ्या मते योग्यच. त्यातून जन्मलेल्या मुलींच्या वाट्याला कुठला विषाणू येणार हे त्याला कुठे माहीत होतं?

कोरडाठाक

कोविड झाला पण समजलंच नाही, असे लोक होते त्यांचं काय? आमच्याकडे एकजण घरात सगळे तापाने फणफणत असताना पॉझिटिव्ह येऊनही निवांत पुस्तक वाचत बसलेले.

अर्धविराम

त्यावर २०२३ मध्ये चांगलं काम आलं. एचएलए म्हणजे विषाणूचे तुकडे टी पेशींना धरून दाखवणारी प्रथिनं, त्यांच्या जनुकाची एचएलए-बी*१५:०१ ही आवृत्ती असलेल्यांना लक्षणांशिवाय कोविड होण्याची शक्यता दुपटीहून जास्त, आणि आईवडील दोघांकडूनही ती आली असेल तर आठपटीहून जास्त. गंमत अशी की यात इंटरफेरॉनचा संबंध नाही. नेहमीच्या सर्दीच्या कोरोना विषाणूंशी झालेल्या जुन्या भेटींतून तयार झालेल्या त्यांच्या टी पेशी या नव्या विषाणूचा एक तुकडाही ओळखत होत्या, कारण तो तुकडा दोघांत जवळजवळ सारखा आहे आणि ही एचएलए आवृत्ती तो व्यवस्थित धरून दाखवते. म्हणजे वारसा अधिक पूर्वीची सर्दी. दोन्ही हवं. अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरचा आहे, हेही लक्षात असू द्या.

भोचक

आता एक खरंच न कळलेला प्रश्न. इंटरफेरॉन कमी पडतं म्हणून माणूस गंभीर होतो असं इथे चाललंय. पण कोविडच्या गंभीर रुग्णांना प्रतिकार दाबणारी औषधं दिली, आणि ते वाचले. दोन्ही कसं खरं?

अर्धविराम

या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. उत्तर वेळेत आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत इंटरफेरॉन पुरेसं आलं तर विषाणू आटोक्यात राहतो. नाही आलं तर तो भरमसाट वाढतो, आणि मग आठवड्याने बाकीची यंत्रणा त्या भरमसाट विषाणूवर तुटून पडते. फुप्फुसाची नासाडी बरीचशी तेव्हा होते.

जनुकांत हे दोन्ही टप्पे वेगवेगळे दिसतात. एडिंबराच्या केनेथ बेली यांच्या गटाने अतिदक्षता विभागातल्या रुग्णांची जनुकं पाहिली तेव्हा आयएफएनएआर२ (इंटरफेरॉनचा ग्राहक) कमी असणं धोक्याचं आणि टीवायके२ (दाह वाढवणारे निरोप पेशीत पोचवणारं प्रथिन) जास्त असणंही धोक्याचं, असं एकत्रच निघालं. टीवायके२ च्या कुटुंबातल्या प्रथिनांना आवरणारं बॅरिसिटिनिब हे संधिवाताचं औषध मग मोठ्या चाचणीत दिलं गेलं. दाखल रुग्णांतले २८ दिवसांतले मृत्यू १४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. उलट दाखल रुग्णांना उशिरा इंटरफेरॉन-बीटा टोचून फायदा झाला नाही. लक्षणं सुरू झाल्यावर आठवड्याच्या आत इंटरफेरॉन-लॅम्डाचं एकच इंजेक्शन दिलं, तेव्हा रुग्णालयाची वेळ येणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं (२०२३). तेच प्रथिन-कुटुंब, वेळ वेगळी.

भोचक

पटलं. धन्यवाद.

रानजाई

एक राहिलंय : स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्धच्या अँटीबॉडी. निळीशाईंनी लिहिलेल्या साडेतीन टक्क्यांच्या अभ्यासासोबतच हा आला होता. जिवावर बेतलेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात, आणि त्या १०१ पैकी ९५ पुरुष. सौम्य किंवा लक्षणांविना संसर्ग झालेल्या ६६३ जणांत एकही नाही. या अँटीबॉडी तरुणांत फार विरळ आणि सत्तरीनंतर चार टक्क्यांच्या आसपास. म्हातारपणी कोविड एवढा का झोडपतो याचं थोडं उत्तर इथे आहे. वारशाशी संबंध एवढाच की एआयआरई नावाच्या जनुकात जन्मतः दोष असलेल्यांत त्या लहानपणापासूनच असतात. बाकीच्या बहुतेकांत त्या आयुष्यात नंतर येतात.

धूमकेतू

मग ते घरबसल्या थुंकी पाठवून जनुकीय अहवाल देणारे किट घ्यावं का? त्यात "इम्युनिटी स्कोअर" असतो म्हणे, १०० पैकी.

चक्रधर

वर एवढं सगळं वाचून झाल्यावर १०० पैकी गुण? कशाविरुद्ध? एचआयव्ही की वेस्ट नाईल? ही किट बहुतेकदा ठरावीक, समाजात सर्रास आढळणारी अक्षरं तपासतात. टीएलआर३, आयआरएफ७ मधले बिघाड एकेका कुटुंबापुरते असतात, ते त्यांच्या जाळ्यात सापडायची शक्यता कमीच. पैसे वाचव.

सांजवात

बरेच दिवस धागा वाचतेय, लिहू की नको असं होत होतं. माझ्या दिराला सहा वर्षांचा असताना हर्पिसचा मेंदूज्वर झाला होता. वाचला, पण फिट येतात, स्मरणशक्तीही गेली थोडी. तेव्हा निदानालाच फार उशीर झाला, सुरुवातीला साधा ताप म्हणून परत पाठवलं होतं. आता माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. नवऱ्यात आणि दिरात एकच रक्त. मुलाला धोका आहे का?

अर्धविराम

सांजवात, लिहिलंत ते बरं केलंत.

पहिली गोष्ट, अशा मुलांपैकी थोड्यांमध्येच ज्ञात जनुकीय कारण सापडतं. दुसरी, सापडलं तरी तो बिघाड असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. टीएलआर३ च्या कुटुंबांत तोच बदल घेऊन आयुष्यभर काही न झालेले नातेवाईक आहेत, अंगात विषाणू असूनही. म्हणजे तुमच्या मुलाला हा आजार न होण्याचीच शक्यता खूप जास्त.

तपासणी करायचीच असेल तर सुरुवात मुलापासून करू नका, दिरापासून करा. त्यांच्यात काही सापडलं तरच तेवढा एक बदल तुमच्या नवऱ्यात आणि मग मुलात शोधण्याला अर्थ आहे. थेट मुलाचं सगळं जनुकवाचन केलंत तर अर्थ न लागणाऱ्या दहा गोष्टी हातात येतील आणि झोप उडेल. वैद्यकीय जनुकशास्त्र विभाग किंवा प्राथमिक प्रतिकारदोष पाहणारे डॉक्टर गाठा.

तपासणी होवो न होवो, हे मात्र मुलाच्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : "काकांना बालपणी हर्पिस मेंदूज्वर." तापासोबत असंबद्ध बोलणं, वागण्यात अचानक बदल, झोपाळूपणा किंवा फिट आली तर तडक रुग्णालयात जा आणि हे वाक्य तोंडाने सांगा. अशा वेळी पाठीच्या पाण्याच्या अहवालाची वाट न बघता असायक्लोविर शिरेतून सुरू करतात. औषध न मिळाल्यास या आजारात दहातले सात दगावतात, वेळेवर मिळाल्यास बहुतेक वाचतात. सुरुवातीचा एकेक दिवस मेंदूच्या हिशेबात मोजला जातो.

सांजवात

फाईलवर लिहिलं. दिराच्या जुन्या कागदपत्रांत तेव्हाचा पाठीच्या पाण्याचा अहवाल आहे, तो सोबत न्यावा लागेल का?

अर्धविराम

हो, मूळ प्रत न्या. त्यात हर्पिसची पीसीआर पॉझिटिव्ह असल्याची नोंद असेल तर जनुकतज्ज्ञाचं निम्मं काम झालं. डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयच्या फिल्म असतील तर त्याही.